म्युझिक थेरपी शिकायची आहे, पण… : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे बहुधा दोन वाटांनी येतात. कुणी लहानपणापासून गात-वाजवत आलेलं असतं आणि या विद्येचा मैफलीपलीकडे काही उपयोग होईल का, हे चाचपत असतं. कुणी नर्सिंग, मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षणात काम करत असतं आणि गाण्याने घडलेलं काहीतरी त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दोघांचे प्रश्न सारखेच असतात, गैरसमज मात्र वेगवेगळे. उत्तरं शक्य तितकी सरळ दिली आहेत. मधूनमधून माझं मतही डोकावतं. ते मत म्हणूनच वाचा.

संगीतोपचार म्हणजे रुग्णाला गाणी ऐकवणं का?

ऐकवणंही असतं, पण तो कामाचा एक भाग. बराचसा वेळ समोरच्या माणसाबरोबर संगीत करण्यात जातो: गाणं, वाजवणं, आयत्या वेळी सुचेल तसं रचणं, कधी त्याच्याच शब्दांना चाल लावणं.

समजा, पक्षाघातानंतर एखाद्याची वाचा गेली आहे. त्याला साधं वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेल्या गाण्याची ओळ सुरू केली की पुढचे शब्द आपोआप तोंडून येतात. थेरपिस्ट हा धागा पकडतो. ‘पाणी दे’सारखं रोजचं वाक्य दोन स्वरांच्या चालीवर बसवतो, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायला लावतो, आणि वाक्य तोंडी बसलं की चाल थोडी थोडी काढून घेतो. १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मांडलेली मेलॉडिक इंटोनेशन थेरपी साधारण अशी चालते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात २०११ मध्ये गोळी लागली. पुढे त्यांची वाचा परत आणण्याच्या प्रयत्नांत स्पीच थेरपीच्या जोडीला संगीतोपचारही होता.

या उदाहरणात यश कशाला म्हणायचं ते पाहा. चाल बेसूर झाली तरी काही बिघडत नाही. पाणी मागता आलं पाहिजे. उद्दिष्ट संगीताबाहेरचं असतं. संगीतात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजते लगेच, अंगवळणी पडायला मात्र वर्षं लागतात.

मग संगीत शिक्षक, वॉर्डात गाणारे स्वयंसेवक आणि साउंड हीलिंगवाले, यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

शिक्षकाला विद्यार्थ्याचं गाणं सुधारायचं असतं. स्वयंसेवकामुळे वॉर्डातली दुपार सुसह्य होते, आणि ते काम मी अजिबात कमी लेखणार नाही. थेरपिस्टला मात्र तीन गोष्टी कराव्याच लागतात. आधी मूल्यमापन, म्हणजे हा माणूस आज कुठे आहे आणि त्याला काय जमतं. मग मोजता येईल असं उद्दिष्ट. आणि प्रत्येक सेशननंतर लेखी नोंद, जी डॉक्टर, नर्स किंवा स्पीच थेरपिस्टला वाचून समजेल. वाडगे घुमवून किंवा ‘कंपनं’ सोडून सगळ्यांवर एकच इलाज करणाऱ्यांकडे यातलं सहसा काहीच नसतं.

अमुक राग अमुक आजारावर चालतो, असा तक्ता असतो ना?

असे तक्ते फिरतात खरे, पण या व्यवसायाच्या प्रशिक्षणात ते शिकवत नाहीत. कारण साधं आहे. सुराला प्रत्येकाच्या आयुष्यात वेगळा अर्थ चिकटलेला असतो. जी चाल एकाला झोपवते, तीच दुसऱ्याला कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांत नेऊन सोडते. म्हणून थेरपिस्ट गोळीसारखा राग लिहून देत नाही, तो आधी माणसाला विचारतो.

विद्यार्थ्यांना एक तत्त्व सुरुवातीलाच शिकवतात, आयसो-प्रिन्सिपल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४०च्या दशकात ते मांडलं. रुग्ण अस्वस्थ असेल तर त्याच्यासमोर शांत संगीत ठेवायचं नाही. त्याच्या अस्वस्थतेच्या लयीशी आधी लय जुळवायची आणि तिथून पायरी-पायरीने खाली उतरायचं. साथसंगत केलेल्यांना हे चटकन उमगतं. गायक जिथे आहे तिथून त्याला उचलायचं असतं.

आणि मोझार्ट ऐकून मुलं हुशार होतात ते?

हा समज १९९३च्या एका प्रयोगातून पसरला. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आकार आणि अवकाश यांच्याशी संबंधित कामात त्यांची जी सुधारणा दिसली ती दहा-पंधरा मिनिटं टिकली. बाळं त्या प्रयोगात नव्हतीच.

याला शास्त्रीय पुरावा आहे का, की सगळं भावनेवर चाललंय?

पुरावा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. मुलाखतीत हाच प्रश्न नक्की येतो, त्यामुळे उत्तर नीट समजून घ्या.

पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठरावीक ठेक्यावर चालायला लावलं की त्यांची चाल सुधारते, हे १९९०च्या दशकापासून संशोधक मायकल थाउट आणि इतरांनी वारंवार दाखवलं आहे. ठेका कानावर पडतो तेव्हा मेंदूला पुढच्या पावलाची वेळ आधीच कळते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ रुग्णालयांतली २७२ अपुऱ्या दिवसांची बाळं होती. आईबाबांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं गाणं आणि हृदयाच्या ठोक्यासारखे आवाज यांचा त्यांच्या हृदयगतीवर, झोपेवर आणि दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला. नैराश्याबद्दल २०१७च्या कॉक्रन आढाव्यात (म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या नावाजलेल्या आढाव्यात) ९ अभ्यास आणि ४२१ माणसं होती. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यावर निदान थोड्या काळासाठी तरी फरक पडलेला दिसला.

आता दुसरी बाजू. ऑटिझम असलेल्या ३६४ मुलांवर ९ देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. मुलाबरोबर आयत्या वेळी सुचेल तसं संगीत रचण्याच्या उपचारामुळे मुलांच्या सामाजिक लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या देखभालीपेक्षा ठळक फरक पडला नाही. २०२२च्या कॉक्रन आढाव्यात २६ अभ्यास एकत्र पाहिल्यावर एकूण सुधारणा आणि जीवनमान यांत मात्र फायदा संभवतो असं दिसलं. दोन्ही निकाल खरे आहेत. फक्त दुसरा सांगून पहिला लपवणारा उमेदवार मला तरी विश्वासू वाटत नाही, आणि निवड समितीवरच्या डॉक्टरांनाही वाटत नाही.

मला संगीत किती यायला हवं?

बहुतेक गंभीर अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी ऑडिशन असते. एका वाद्यात किंवा गळ्यात पक्की तयारी लागते. ती पाहून झाली की खरी परीक्षा वेगळीच असते. कुणी अनोळखी गाणं गुणगुणलं तर दुसऱ्या मिनिटाला साथ धरता येते का? समोरच्याचा आवाज खाली उतरला तर गाणं न थांबवता पट्टी बदलता येते का? एखादं मूल ढोलकीवर लय सोडून मनाला येईल तसं वाजवतंय, तर त्या गोंधळातून दोन मात्रांचा आकार शोधून त्याला परत देता येतो का?

शास्त्रीय शिक्षण झालेल्यांची इथे एक गंमत होते. आयुष्यभर चूक टाळायला शिकलेले असतात, आणि इथे दुसऱ्याच्या चुकीवर स्वार होऊन पुढे जायचं असतं. तयारी कमी नसते, सवय उलटी असते.

मी फक्त गाते, वाद्य येत नाही. चालेल?

सुरुवात करायला चालेल. पुढे स्वरसाथ देणारं एक वाद्य शिकावंच लागेल. अमेरिकी अभ्यासक्रमांत गिटार आणि पियानो कामापुरते येणं बंधनकारक असतं. कामापुरते म्हणजे बसून साथ करण्याइतके, एकल मैफल करण्याइतके नव्हे. गिटारचा फायदा असा की ती खाटेपाशी नेता येते आणि वाजवताना रुग्णाचा चेहरा दिसत राहतो.

अभ्यासक्रमात शिकवतात काय, आणि किती वर्षं?

विद्यापीठीय पदवी म्हणून हा विषय सर्वांत आधी १९४४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात सुरू झाला. दोन वर्षांनी कॅन्सस विद्यापीठात इ. थेअर गॅस्टन यांनी तो उभा केला. पार्श्वभूमी होती दुसऱ्या महायुद्धाची. जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत संगीतकार वाजवायला जात होते, सैनिकांवर परिणाम दिसत होता, पण वाजवणाऱ्यांना समोरच्याच्या आजाराबद्दल काहीच माहिती नव्हती. उणीव तिथे होती, आणि आजही अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे. संगीत, मानसशास्त्र, शरीररचना, विकास आणि आजार, संशोधनपद्धती, आणि या सगळ्याच्या दुप्पट भासणारं प्रत्यक्ष काम.

अमेरिकेत मान्यताप्राप्त पदवीसाठी इंटर्नशिपसह किमान १,२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. मग प्रमाणन मंडळाची १५० प्रश्नांची परीक्षा. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. परीक्षा पास झाल्यावरही दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. ब्रिटनमध्ये वाट वेगळी आहे: आधी कोणती तरी पदवी, बहुधा संगीताची, आणि मग पूर्णवेळ दोन किंवा अर्धवेळ तीन वर्षांची मास्टर्स. तिथे ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. आरोग्य आणि काळजी व्यवसाय परिषदेकडे नोंदणी नसताना ते नावापुढे लावणं गुन्हा ठरतो. ऑस्ट्रियाने तर २००८ मध्ये संगीतोपचारासाठी स्वतंत्र कायदाच केला. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठात १९८२ पासून शिक्षण सुरू आहे आणि या विषयातल्या पीएच.डी.साठी ते नावाजलेलं आहे.

सुपरव्हिजन म्हणजे कुणीतरी चुका काढत बसणं का?

अनुभवी थेरपिस्टबरोबर बसून आपल्या सेशनचा आढावा घेणं म्हणजे सुपरव्हिजन. चुका काढणं त्यात काही प्रमाणात असतं, हो. पण त्याहून जास्त ते तुम्हाला स्वतःला ऐकायला लावणं असतं. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक १९५९ पासून मुलांबरोबर एकत्र काम करू लागले. ते प्रत्येक सेशन ध्वनिमुद्रित करत आणि नंतर बारकाईने ऐकत: इथे मुलाने आवाज दिला, इथे आपण ऐकलाच नाही, इथे आपण घाई केली. त्यांच्या परंपरेतले विद्यार्थी आजही तसंच करतात. अर्ध्या तासाचं सेशन ऐकून त्यावर टिपणं काढायला दोन-दोन तास जातात. स्वतःचं वाजवणं सतत समोरच्याच्या आधी पोचतंय, हे पहिल्यांदा ऐकताना कान लाल होतात. माझेही झाले होते.

विद्यार्थ्याला स्वतः थेरपी घ्यावी लागते म्हणे. का?

ब्रिटनमधल्या प्रशिक्षणात ती सक्तीची आहे, इतर अनेक ठिकाणी जोरदार शिफारस असते. रुग्णाच्या दुःखाने आपल्या आतली कोणती तार छेडली जाते, हे माहीत नसेल तर आपण त्याच्यासाठी वाजवतोय की स्वतःसाठी, हे कळत नाही. खर्चाचा अंदाज बांधताना ही रक्कम धरा. बरेच जण विसरतात.

तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलं तर काम मिळेल?

थेरपिस्ट म्हणून नाही. ओळख करून घ्यायला, किंवा आधीच शिक्षिका, नर्स, समुपदेशक असाल तर स्वतःच्या कामात संगीताचा सावध वापर शिकायला असे वर्ग ठीक आहेत. अडचण प्रमाणपत्राची नाही, त्यावरून नावापुढे ‘थेरपिस्ट’ लावण्याची आहे. आघात सोसलेल्या माणसासमोर चुकीचं गाणं निघालं आणि तो कोसळला, तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं हे व्हिडिओ पाहून येत नाही.

कोणताही अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हे विचारा. प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास, आणि ते कुठे? सुपरव्हिजन कोण करतं, ती व्यक्ती स्वतः आज सेशन घेते का? या पात्रतेवर कोणत्या व्यावसायिक संघटनेची किंवा परिषदेची नोंदणी मिळते? आधीच्या दोन तुकड्यांतले विद्यार्थी आज काय करतात? शेवटच्या प्रश्नावर उत्तर लांबू लागलं, की समजायचं.

माझी संगीताची पदवी आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

सहसा नाही. अमेरिकेत संगीताची पदवी असलेल्यांसाठी ‘इक्विव्हॅलन्सी’ नावाची सोय आहे. राहिलेले विषय आणि इंटर्नशिप पूर्ण करायची, बरेच जण ती मास्टर्सला जोडून करतात. ब्रिटनमध्ये तर संगीताची पदवी हा नेहमीचाच रस्ता. उलट मानसशास्त्रातून येणाऱ्यांना संगीताची तयारी सिद्ध करावी लागते, आणि तिथे जास्त जण अडकतात. मानसशास्त्र दोन वर्षांत बरंचसं वाचून होतं, हात दोन वर्षांत तयार होत नाही.

इतक्या पद्धती आहेत, त्यातली कोणती शिकू?

संगीतोपचाराच्या १९९९च्या जागतिक परिषदेत पाच पद्धतींना आंतरराष्ट्रीय मान मिळाला: नॉर्डॉफ-रॉबिन्स, हेलन बॉनी यांची संगीत आणि कल्पनाचित्रांची पद्धत, मेरी प्रीस्टली यांची मनोविश्लेषणावर आधारलेली पद्धत, अर्जेंटिनाचे रोलांदो बेनेन्सॉन यांची, आणि वर्तनाधारित पद्धत. त्यानंतर न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपी, म्हणजे मेंदूच्या आजार-दुखापतींवर संगीताची ठरावीक तंत्रं वापरणारी पद्धत, खूप पसरली आहे. सुरुवातीलाच यांपैकी एकीचा झेंडा खांद्यावर घेऊ नका. आधी कुणाबरोबर काम करायचंय ते ठरू द्या. पुनर्वसन केंद्रात रमणाऱ्याला न्यूरॉलॉजिक तंत्रं उपयोगी पडतात. बॉनींच्या पद्धतीसाठी पदवीनंतरचं वेगळं, लांबलचक प्रशिक्षण लागतं.

नोकऱ्या कुठे असतात?

विशेष शाळा, मनोरुग्णालयं, वृद्धाश्रम आणि स्मृतिभ्रंशाची केंद्रं, मेंदूच्या दुखापतीनंतरचं पुनर्वसन, बालरोग आणि नवजात विभाग, कर्करोग आणि पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी काळजी), व्यसनमुक्ती, तुरुंग. यादी मोठी दिसते, पण बहुतेक ठिकाणी संपूर्ण संस्थेत थेरपिस्ट एकटाच असतो. चहाला सोबत बसून ‘आज माझं सेशन फसलं’ असं सांगायला समव्यवसायी नसतो. म्हणून सुपरव्हायझर पदवीनंतरही ठेवावा.

पण जाहिराती तर दिसतच नाहीत!

कारण पुष्कळ जागा जाहिरातीतून भरल्या जात नाहीत, त्या निर्माण कराव्या लागतात. एखाद्या केंद्राला आठवड्यातून एक दिवस, दहा आठवडे, ठरावीक सहा जणांबरोबर काम करायचा प्रस्ताव द्यायचा. आधीची आणि नंतरची नोंद ठेवायची. अकराव्या आठवड्यात ती नोंद घेऊन प्रशासकासमोर बसायचं. ‘रुग्ण आनंदी दिसले’ हे वाक्य तिथे चालत नाही. ‘सहापैकी चार जण आता व्यायामाच्या सत्राला स्वतःहून येतात’ असं काही हातात असेल तर बोलणं पुढे सरकतं. जागा मंजूर झाल्यावर पदाचं नाव ‘क्रियाकलाप समन्वयक’ असंही असू शकतं. नावासाठी सुरुवातीलाच भांडू नका, करारात कामाचं स्वरूप मात्र नीट लिहून घ्या.

पोट भरेल का?

भरतं, पण बऱ्याच जणांचं तुकड्या-तुकड्यांनी. दोन दिवस शाळेत, एक दिवस रुग्णालयात, उरलेल्या वेळात खासगी क्लायंट आणि एखादी शिकवणी. पूर्णवेळ पद मिळालं तर वेतन साधारण इतर थेरपी व्यवसायांच्या पंक्तीत बसतं; ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नवा म्युझिक थेरपिस्ट सहसा बँड ६ या वेतनश्रेणीवर लागतो, नवी नर्स एक पायरी खाली, बँड ५ वर. अडचण वेतनश्रेणीची नसून अशी पदं मोजकी असण्याची आहे.

स्वतंत्र काम करणाऱ्यांनी हिशेब सेशनच्या तासावर करू नये. एका तासामागे वाद्यं गाडीत चढवणं, प्रवास, मांडामांड, नोंदी, पालकांशी फोन, आणि रुग्णालय असेल तर प्रत्येक वाद्य जंतुनाशकाने पुसणं येतं. (लाकडी आणि कातड्याची वाद्यं यात लवकर खराब होतात, त्यांचा खर्चही धरा.) दिवसाला चार-पाच सेशनच्या पुढे गेलात तर पाचव्या माणसाला तुमचा कानच मिळत नाही.

एका देशात शिकून दुसऱ्या देशात काम करता येतं का?

आपोआप नाही. संगीतोपचाराचा जागतिक महासंघ १९८५ पासून आहे, पण तो परवाना देत नाही. प्रत्येक देशाची नोंदणी स्वतंत्र. जिथे काम करायचंय तिथले नियम आधी वाचा, मग प्रवेश घ्या. शिवाय भाषेचा आणि गाण्यांचा प्रश्न असतोच. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला त्याच्या विशीतली गाणी लागतात, आणि ती तुमच्या विशीतली नसतात, तुमच्या गावचीही नसतात. नव्या ठिकाणी पहिलं वर्ष शेकडो गाणी पाठ करण्यात जातं.

वय ४५ आहे. उशीर झाला का?

नाही. या वर्गांत चाळिशीची माणसं नवलाची नाहीत. शोक, आजारपण, मुलं वाढवणं हे जवळून पाहिलेलं असतं, त्याचा उपयोगच होतो. गुडघ्यांचा मात्र विचार करा. लहान मुलांबरोबरचं काम दिवसभर जमिनीवर बसून असतं.

अ‍ॅप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम घेतील का?

प्लेलिस्ट बनवण्याचं काम घेतीलच, बरंचसं घेतलंही आहे. खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाने पेटीची एकच पट्टी दाबून तुमच्याकडे बघितलं की नाही, यावर पुढचा सूर ठरतो. तो अजून तुमच्याकडेच आहे.

मला हे जमेल का, हे पैसे भरण्याआधी कसं कळेल?

एखाद्या वृद्धाश्रमात किंवा विशेष शाळेत तीन महिने दर आठवड्याला स्वयंसेवक म्हणून जा. पहिल्या काही वेळा तुम्ही गाल, लोक टाळ्या वाजवतील, छान वाटेल. मग एक दिवस असा येईल की कुणीच लक्ष देणार नाही, एक आजी कानांवर हात ठेवतील. तुम्ही वाजवणं थांबवाल, त्यांच्या शेजारी नुसते बसाल. त्या बोटाने खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी ठोकत असतील. घरी आल्यावर टाळ्यांपेक्षा ते ठोकणं जास्त वेळ डोक्यात राहिलं, तर अर्ज भरा.

आणि हे सगळं करताना स्वतःचं गाणं उरतं का?

पहिली काही वर्षं बहुधा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तंबोऱ्याकडे बघवतही नाही. मी मधे दीड वर्ष रियाज सोडला होता आणि त्याची किंमत सेशनमध्येच मोजली. हात तेच तेच वाजवू लागले. आता आठवड्यातले दोन दिवस सकाळी कुणासाठीही न गाता गाते. त्या वेळी दार बंद असतं आणि फोन दुसऱ्या खोलीत.